श्याम रामसे: भूत दिसण्याआधीची पाच मिनिटं

पारंब्या
हिंदी भयपटांचे दिग्दर्शक श्याम रामसे काल गेले. १८ सप्टेंबर २०१९, मुंबई. वय ६७, न्यूमोनियाचं निमित्त झालं. भाऊ तुलसी गेल्या डिसेंबरातच गेले होते. पडद्यावर बहुतेक जोडीने येणारी 'तुलसी-श्याम' ही दोन्ही नावं दहा महिन्यांच्या आत संपली.

बातम्यांमध्ये 'भुताखेतांचे बादशहा' छापाचे मथळे आहेत आणि खाली 'बी ग्रेड' हा शब्दही ठरल्याप्रमाणे आहे. ते तिकडे चालू द्या. इथे श्रद्धांजली एका ओळीत उरकायची आणि मग रामसेपटातली एखादी गोष्ट उचलून ती कशी बनत असेल ते सांगायचं. दिवा कुठे, धूर कसला, आवाज कशाचा. कॅमेरा, मेकअप, प्रोजेक्शन यातलं ज्यांना कळतं त्यांनी हात आखडता घेऊ नये.

वादाला तोंड मीच फोडतो. रामसेंचं भूत पुरतं दिसलं की भीती निम्म्यावर येते. खरी करामत त्याआधीच्या पाच मिनिटांत असते. हातात मेणबत्ती, लांबलचक व्हरांडा, टोकाला एक दार. माझ्या मते भूत मेकअपवाल्याचं आणि दार श्यामचं. पटतंय का?

तिसरी घंटा
विनम्र श्रद्धांजली. नियमाप्रमाणे एक ओळ संपली, बाकीचं मागाहून.

रीळबदलू
दाराकडे जाण्याआधी घराकडे बघू, कारण सगळं त्यातच आहे. वडील फतेहचंद रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला आडनाव झेपेना म्हणून 'रामसे'. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकान आणि मग सिनेमा. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) पडला, पण पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून दरोडा घालतात त्या प्रसंगाला लोक दबकतात हे तुलसी आणि श्यामने थिएटरात बसून पाहिलं. मग वडिलांना पटवलं: तेवढाच प्रसंग दोन तासांचा करू. तो 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२). महाबळेश्वरात सुमारे चाळीस दिवस, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, अख्खं युनिट बसने गेलेलं. श्याम तेव्हा विशीत.

सात भावांत खाती वाटलेली. कुमार लेखन, केशू आणि गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तुलसी-श्याम दिग्दर्शन. पगार वाचला ही वरवरची गोष्ट. मोठा फायदा कच्च्या फिल्ममध्ये. हिशेब करा: ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. सव्वादोन तासांचा सिनेमा म्हणजे साधारण १२,००० फूट. मोठ्या बॅनरवाले दहा फूट खर्चून एक फूट वापरत असतील तर लागली सव्वा लाख फूट. तीनास एक या प्रमाणात काम केलं तर ३६,००० फुटांत भागलं. फिल्म आयातीची आणि कोट्यातून मिळणारी, तेव्हा ही बचत पैशापुरती राहत नाही. पण तीनास एक जमायला कुठला तुकडा कुठे जोडायचा हे शूटिंगलाच माहीत असावं लागतं. संकलक आणि दिग्दर्शक एकाच ताटात जेवत असले की ते माहीत असतं.

फुसका बार
म्हणजे रिटेक मागितला तर आई रागवायची.

निळी रात्र
माझा विषय आयडीतच आहे. रामसेंच्या जंगलातल्या रात्री निळ्या का? कारण त्यातल्या बऱ्याच भर दिवसा घेतलेल्या.

पद्धत अशी. रंगीत फिल्म बहुतेक टंगस्टन दिव्यांसाठी बनवलेली असायची. ती उन्हात वापरायची तर लेन्सवर नारिंगी ८५ नंबरचा फिल्टर लावतात. तो काढून टाकला की सगळं निळं पडतं. मग एक्स्पोजर दोन ते अडीच स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). इथे पहिली चूक होते: फिल्टर काढल्यावर फिल्म दोन-तृतीयांश स्टॉप वेगवान झालेली असते, ती धरली नाही तर 'रात्र' संध्याकाळ होते. दुसरं, सूर्य नटाच्या पाठीमागे हवा, म्हणजे चेहरा काळोखात आणि केसांना, खांद्यांना चांदण्याची कड. तिसरं, आकाश फ्रेममध्ये नको. कॅमेरा थोडा वर चढवून खाली बघायचं, नाहीतर पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर. चौथं, हातातला कंदील. दोन स्टॉप खाली असताना खऱ्या कंदिलाची ज्योत पडद्यावर उमटतच नाही, म्हणून आत फोटोफ्लड बल्ब आणि वायर नटाच्या शालीतून मागे.

ओळखायची खूण: जमिनीवर सावल्या कडक आणि आखूड दिसल्या की शॉट दुपारी बाराच्या आसपासचा. 

फुसका बार
तरीच. 'आधी रात के सन्नाटे में' हिरो डोळे बारीक करून का चालतो ते आज कळलं.

स्पिरिटगम
आणि भुताला घाम.

निळी रात्र
राहिलंच. यात सगळ्यात मोठा घोळ शूटिंग संपल्यावर होतो. कॅमेरा रिपोर्टवर 'डे फॉर नाइट' असं ठळक लिहून लॅबला नाही कळवलं, तर ग्रेडरला वाटतं शॉट चुकून अंडर गेलाय. तो प्रामाणिकपणे उजळून देतो. पुढे कॅसेटसाठी टेलिसिने करणारा, म्हणजे फिल्मवरून व्हिडिओ उतरवणाराही तेच करतो. आज ऑनलाइन ज्या प्रतीत पिशाच्च लख्ख उन्हात फिरताना दिसतं आणि खाली लोक हसतात, ते पाप श्यामचं नसून मशीनवर बसलेल्या कोणाचं तरी आहे.

रीळबदलू
@निळी रात्र, जंगलापुरतं मान्य. पण हवेलीच्या आवारातल्या रात्री बऱ्याचशा रात्रीच घेतल्यात. पुरावा धूर. उन्हात धूर असा दिसत नाही.

धूर समोरून उजळला तर पांढरा पडदा होतो, मागून उजळला तर त्याचे पदर सुटे होतात. म्हणून दिवा झाडामागे किंवा खिडकीबाहेर उंच, त्यावर निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक पापुद्रा), आणि धूर दिवा आणि नटाच्या मधे. पूर्ण निळं जिलेटिन दिव्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश प्रकाश खातं. पाच किलोवॉटचा दिवा दोनाच्याही खाली येतो. जनरेटर भाड्याचा असला की हा हिशेब फार टोचतो, म्हणून रामसेंच्या फ्रेममध्ये निळा दिवा बहुतेक एकच आणि मागे. पुढे काही लावलेलंच नसतं. काटकसरीतून आलेली गोष्ट पुढे शैली म्हणून ओळखली गेली.

चिंगूताई
धूर कसला असायचा? ड्राय आइस की शेणाच्या गोवऱ्या? 🙂

रीळबदलू
ताई, दोन्हींची कामं वेगळी.

ड्राय आइस (उणे ७८ अंश) ६०-७० अंशांच्या पाण्यात टाकला की जड, पांढरं धुकं निघतं आणि जमिनीलगत सरपटतं. कबर, तळघराच्या पायऱ्या, पाण्याचा काठ यांना तेच हवं. अडचण अशी की तो पाणी झपाट्याने थंड करतो, चार-पाच मिनिटांत धुकं मरतं, पाणी बदला. आणि बंद तळघरात तो कार्बन डायऑक्साइड खालीच साठतो. कबरीत झोपलेल्या नटाचं नाक नेमकं त्या पातळीवर. शॉट झाला की आधी त्याला उठवायचं, मग 'कट ओके' वगैरे.

मोकळ्यावर देशी उपाय: घमेल्यात फुललेला कोळसा, वर ओलसर भुसा आणि लोबान, आणि एक माणूस पुठ्ठ्याने वारा घालत फ्रेमबाहेर पळतोय. हा धूर वर चढतो, पसरतो, झाडांमधे अडकतो. याचा शत्रू वारा. एका शॉटमध्ये दाट आणि पुढच्याच शॉटमध्ये गायब, हे रामसेपटांत ठिकठिकाणी दिसेल. उपाय एकच, आधी भरपूर धूर करायचा, थोडा विरू द्यायचा आणि विरत असतानाच क्लोजअप आणि लाँग दोन्ही लागोपाठ उरकायचे. दिवे हलवत बसलात तर धूर थांबत नाही.

स्पिरिटगम
आता 'भूत मेकअपवाल्याचं' या वाक्यावर हरकत. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला राक्षस सामरी मेकअपवाल्याचा जेवढा, तेवढाच निवडीचा. ते काम करणारा अजय अगरवाल, म्हणजेच अनिरुद्ध अगरवाल, रुरकीचा इंजिनिअर, सव्वासहा फुटांहून उंच. कपाळ, जबडा, हात मुळातच मोठे. अशा चेहऱ्यावर मुखवटा चढवणं म्हणजे पैसे घालून चेहरा लपवणं. श्यामने चेहरा बराचसा तसाच ठेवला, वर केस, दात, त्वचेचा खडबडीतपणा आणि दिवा खालून. पुढे 'बँडिट क्वीन'मध्ये हाच माणूस बाबू गुज्जर म्हणून दिसतो, सामरीचा काडीचा मेकअप नाही, तरी अंगावर येतो. निवड बरोबर होती याचा तो दाखला.

त्वचा खडबडीत करायची साधी कृती: चेहऱ्यावर स्पिरिट गम, त्यावर कापसाचे पातळ पापुद्रे, वर द्रव लॅटेक्स स्पंजने टिपायचं. सुकवा, पुन्हा थर. तीन-चार थर पुरतात. कडा फाडून पातळ करायच्या, कात्रीने कापल्या तर रेघ दिसते. रंग नेहमीचा ग्रीसपेंट चालत नाही, त्यातलं खनिज तेल लॅटेक्सला फुगवून कुजवतं. एरंडेलाच्या बेसचा रंग लागतो.

सुटतं कुठे? तोंडाचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा. तिथली कातडी सतत हलते आणि घाम तिथेच साचतो. कोकणातल्या दमटात दोन तासांत कड उचलते. म्हणून भूत बोलत नाही! गुरगुरतं, हात पुढे करतं, संवाद शून्य. डबिंगमध्ये गुरगुर घालता येते, सुटलेला गाल चिकटवता येत नाही.

वडाचं झाड
हे 'भूत का बोलत नाही' फार आवडलं. इतकी वर्षं ते अध्यात्मिक कारण वाटत होतं.

पारंब्या
@स्पिरिटगम, निवडीचा मुद्दा मान्य. पण मग भूतही श्यामचंच झालं की! माझा अर्धा सिद्धांत पडला.

फुसका बार
दार तेवढं राहिलं, धरून ठेवा.

मामंजी
सगळे आदराने बोलताहेत म्हणून विरोधी बाकावर कोणीतरी बसायला हवं. ती झूम! दर तिसऱ्या शॉटला सटकन डोळ्यांवर. आणि तो विनोदी ट्रॅक. 'पुराना मंदिर'मध्ये इकडे दोनशे वर्षांचा शाप, राजघराण्यातल्या बायका बाळंतपणात दगावताहेत, आणि तिकडे जगदीप मच्छर सिंग बनून 'शोले'ची नक्कल करतोय. सोबत ललिता पवार. कथेशी संबंध दाखवा आणि हजार रुपये मिळवा. याला दिग्दर्शन म्हणायचं का?

रीळबदलू
झूमवर माझं मत उलट आहे. जुन्या वाड्याच्या फरशीवर ट्रॉलीचे रूळ टाकायचे तर पाचरी मारून पातळी साधावी लागते, पंधरा फुटांना अर्धा तास सहज. झूमला दोन सेकंद. पण फुकट तीही नाही. त्या काळचा २५-२५० मिमी झूम एफ ३.२ चा (हा आकडा मोठा तेवढा आत येणारा प्रकाश कमी), आणि काचांत जाणारा प्रकाश धरला तर प्रत्यक्षात जवळजवळ ४. शंभर एएसएच्या फिल्मला एफ २.८ वर शंभर फूटकँडल (उजेडाचं माप) लागतात, म्हणजे ४ वर दोनशे. रात्री झूम वापरायचा तर दिवे दुप्पट. तरीही ते वापरत, कारण ट्रॉलीने मागची भिंत सरकते आणि झूमने सरकत नाही, चपटी होऊन माणसाच्या पाठीला चिकटते. हवेलीत अडकल्याची भावना झूममध्ये जास्त येते. दर तिसऱ्या शॉटला नको होती, हे मात्र तुमचं खरं.

तिसरी घंटा
विनोदी ट्रॅकबद्दल मामंजींना थिएटरच्या बाजूने उत्तर. त्या काळी वितरक प्रांताप्रांताला सिनेमा विकत घ्यायचे. नुसता भयपट घ्यायला ते कचरत. गाणी किती, फायटिंग किती, कॉमेडी कोण, हे विचारून भाव. जगदीपचं नाव पोस्टरवर असणं ही विक्रीची बाब. आणि तो ट्रॅक मूळ कथेपासून सुटा ठेवण्यात सोय होती. नट चार-पाच दिवसांच्या तारखा देणार, त्यात त्याचं सगळं उरकायचं, मुख्य नटांची गरज नाही. सुटा आहे म्हणूनच परवडला.

दुसरा उपयोग प्रेक्षकाच्या छातीसाठी. सलग चाळीस मिनिटं ताणलं तर लोक स्वतःच हसून ताण मोडतात, आणि ते हसू भुतावर पडतं. त्याआधीच हसवून घेतलं तर भूत वाचतं. 'वीराना' (१९८८) मध्ये सतीश शाहला भयपटांच्या दिग्दर्शकाचं पात्र देऊन नाव ठेवलं हिचकॉक. स्वतःवरच मारलेली कोपरखळी आहे ती, एवढं तरी मान्य करा.

मामंजी
सतीश शाह मान्य. मच्छर सिंग अमान्य. हजार रुपये माझ्याकडेच.

कोल्ड्रिंकवाला
वीराना निघालाच आहे तर, त्यातली नटी जास्मिन आता कुठे अस

पारंब्या
नको! तो प्रश्न या धाग्यावर नाही. त्या बाई कॅमेऱ्यापासून लांब गेल्या, त्यांना लांबच राहू द्या.

कोल्ड्रिंकवाला
वाक्यही पुरं करू दिलं नाही, 'बंद दरवाज़ा'तलं पिशाच्च नेवला यायच्या आधी खिडकी बंद होते तसं.

चिंगूताई
हवेल्या कुठल्या? जंजिरा किल्ल्यात शूटिंग झालं होतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

वडाचं झाड
किल्ल्यात नव्हे, मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यात. किल्ला समुद्रात आहे, शिडाच्या होडीतून जनरेटर नेणं रामसेंच्या बजेटला परवडलं नसतं. 😀 राजवाडा मुरूडमध्येच, रस्त्यालगतच्या चढावर. खासगी मालकी आहे, आत सोडत नाहीत, रस्त्यावरून बघायचा. घुमट, कमानी, टोकदार खिडक्या, म्हणजे कला दिग्दर्शकाचं निम्मं काम आधीच झालेलं. समुद्राकडच्या ओसाड बाजूने कॅमेरा लावला की गाव फ्रेमबाहेर. मुंबईहून दिवसभरात ट्रक पोचतो, फिल्म लॅबला त्याच ट्रकने परत. महाबळेश्वरचंही तेच गणित. रामसेंचं 'ट्रान्सिल्वेनिया' रायगड आणि सातारा जिल्ह्यात मावतं.

बिजागरी
आवाजावर कोणीच नाही आलं म्हणून लिहिते.

तेव्हाचा सर्रास वापरातला ॲरी २सी कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखडतो. जागेवरचा आवाज वापरायचा प्रश्नच नव्हता, सगळं डब. याचा भयपटाला फायदाच. शूटिंग चालू असताना दिग्दर्शक ओरडून सांगू शकतो: 'आता मागे बघ... आता पाय अडखळला...' नटाचे डोळे नेमके हलतात, कारण त्याच्या कानात सूचना चालू आहेत. नंतर त्या शांततेत एकेक आवाज वेचून पेरायचा.

पण प्रिंटवरचा ऑप्टिकल मोनो ट्रॅक, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेला आवाजाचा पट्टा, कोता असतो. साधारण आठ हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गळतं, आणि खालचा खर्जही थिएटरच्या भोंग्यातून धड येत नाही. म्हणजे आजच्यासारखी खुर्ची हलवणारी गुरगुर शक्यच नव्हती. जे काही घाबरवायचं ते मधल्या पट्ट्यात: वारा, कोल्हेकुई, दाराची कुरकुर, बाईची किंकाळी. रामसेपट कर्कश वाटतात त्याचं कारण हे.

दुसरी अडचण शांततेची. ट्रॅक पूर्ण कोरा सोडला तर शांतता मिळत नाही, प्रिंटची खरखर ऐकू येते, आणि प्रिंट जुनी होत जाते तशी वाढते. म्हणून आधी रातकिड्यांचा पट्टा चालू ठेवतात, कानाला सवय लावतात, मग तो अचानक तोडतात. खरखर असतेच, पण रातकिडे थांबल्यामुळे मेंदूला ती शांतता वाटते.

निळी रात्र
रातकिड्यांचं हे वाचून आत्ता खिडकीबाहेर कान लागला. चालू आहेत, ठीक आहे.

रीळबदलू
बिजागरीताईंच्या ट्रॅकला जोड सेन्सॉरची. ३५ मिमी प्रिंटवर आवाज चित्राच्या २० फ्रेम पुढे छापलेला असतो, म्हणजे सेकंदाला थोडा कमी. तयार प्रिंटमधून कात्रीने सुरा खुपसल्याचे चार फूट काढले, तर आवाज वीस फ्रेम सरकलेल्या चार फुटांचा जातो. चित्रात सुरा नाही, पण किंकाळीचा तुकडा उरतो, किंवा उलट. व्यवस्थित काम म्हणजे निगेटिव्ह आणि साउंड निगेटिव्ह वेगवेगळी कापून नवीन प्रिंट. पैसे वाचवायला प्रिंटच कापत. जुन्या प्रतींत पार्श्वसंगीत मधेच उचकी देतं, तिथे बहुतेक काहीतरी कापलंय.

आणि जत्रेतला तंबू! तिथे प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की दिवे लागणार, दुसरं चढेपर्यंत थांबा.

फुसका बार
म्हणजे हात कडीवर... आणि 'गरमागरम भजीऽऽ'.

कोल्ड्रिंकवाला
३डी सामरी (१९८५) विसरलात की काय सगळे?

रीळबदलू
विसरायची सोय नाही, डोकं अजून दुखतंय म्हणतील बघणारे. त्या सुमारास आपल्याकडे '३डी'ची लाट होती. वर्षभर आधी मल्याळममध्ये 'माय डिअर कुट्टिचातन' येऊन गेला होता. त्या पद्धतीत एका फ्रेमच्या जागेत दोन चित्रं, एकाखाली एक: एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्याचं. फ्रेमला चार छिद्रं, प्रत्येक चित्राच्या वाट्याला दोन. प्रोजेक्टरपुढे प्रिझम दोन्ही चित्रं एकमेकांवर आणतो, पोलराइज्ड चष्मा ती डोळ्यांना वाटून देतो.

बिघडतं असं. एक, पडदा चंदेरी हवा. नेहमीच्या पांढऱ्या पडद्यावर प्रकाशाचं पोलरायझेशन मोडतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात, म्हणजे दोन सामरी. दोन, प्रकाश निम्म्याहून जास्त खाल्ला जातो. निळ्या रात्रीचा सिनेमा आधीच अंधारा, त्यात चष्मा. तीन, आणि सगळ्यात बेकार: प्रिंट तुटली आणि ऑपरेटरने दोन छिद्रं चुकवून जोडली, की डावं उजव्याला आणि उजवं डाव्याला. पुढचं मागे, मागचं पुढे. हात बाहेर यायच्या ऐवजी भिंतीत जातो, आणि लोकांना नेमकं काय चुकलंय ते कळत नाही, फक्त मळमळतं.

दिग्दर्शनातही सापळा आहे. बाहेर येणारी वस्तू फ्रेमच्या कडेला कापली गेली तर मेंदू म्हणतो, ही कडेच्या मागे आहे, पुढे कशी? म्हणून जे फेकायचं ते फ्रेमच्या मध्यावरून. व्हरांड्याच्या टोकाला दार, हळूहळू जवळ जाणं, हे ३डीला सोसतं पण तिथे बाहेर येण्यासारखं काही नसतं. म्हणजे श्यामचं हुकमी हत्यारच बाजूला राहिलं.

पारंब्या
बघा, फिरून दारापाशीच आलो!

मामंजी
आलोच आहोत तर सांगा, त्या दारात एवढं आहे काय? दार उघडतं, मांजर उडी मारतं. पन्नास वेळा झालंय.

तिसरी घंटा
'बाकीचं मागाहून' म्हटलं होतं, ते आता. मांजराकडे नका बघू, कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. रामसेंचा दाराचा प्रसंग ढोबळमानाने असा जोडलेला असतो:

व्हरांडा, पूर्ण लांबीत. मुलगी टोकाला, लहान. मग नुसते पाय, पैंजण किंवा चपला. मग चेहरा, मेणबत्ती खालून. मग तिच्या नजरेने पुढे सरकणारा शॉट, दार मोठं होत जातं. मग कडी, अगदी जवळून, हात फ्रेममध्ये येतो. इथपर्यंत काहीच विशेष नाही, कोणीही करेल.

आता पुढचा शॉट खोलीच्या *आतून*. अंधार, समोर बंद दार, फटीतून मेणबत्तीचा उजेड हलतोय. मुलगी अजून बाहेर आहे. मग हे कोण बघतंय? त्या एका शॉटमध्ये प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो, आणि खर्च किती? कॅमेरा उचलून दाराच्या पलीकडे ठेवला, एक दिवा बाहेर, आत एकही नाही. आतला शॉट साधारण बाहेरच्या शॉटच्या दुप्पट वेळ धरायचा. लवकर कापला तर ती नुसती जागा बदलली असं वाटतं. खूप धरला तर लोक फटीतून पलीकडचा लाइटमन शोधायला लागतात.

आणि मग मांजर. मांजर भीती घालवायला नसतं, मामंजी. आतून बघणारं कोण हा प्रश्न मांजराने सुटला असं वाटतं, मुलगी हसते, वळते. मांजर तर दाराजवळ जमिनीवर होतं आणि तो शॉट माणसाच्या उंचीवरून होता. हे तिच्या लक्षात येत नाही, तुमच्या येतं.

मामंजी
हम्म.

मामंजी
आत्ता एक जुना दाराचा प्रसंग काढून पाहिला. उंचीचं बरोबर आहे. मच्छर सिंगाचा निषेध मात्र नोंदवून ठेवा.

स्पिरिटगम
उंचीवरून, तो आतला शॉट घेताना कॅमेरा अगदी किंचित हलता ठेवतात का? म्हणजे श्वास घेतल्यासारखा?

तिसरी घंटा
हातात धरला तर हलतोच. पण मला स्थिर जास्त भितीदायक वाटतो. हलणारा कॅमेरा म्हणजे श्वास आहे, म्हणजे निदान जिवंत काहीतरी आहे.

वडाचं झाड
१९९३ पासून झीवर 'हॉरर शो' आला तेव्हा हे दार अर्ध्या तासाच्या मापात बसवावं लागलं. जाहिराती वगळून भागाला वीस-बावीस मिनिटं, ब्रेकच्या आधी एक धक्का सक्तीचा. व्हरांड्याला वेळच उरला नाही, म्हणून त्यात भूत लवकर आणि पुष्कळ दिसतं. ज्यांनी रामसे फक्त टीव्हीवर पाहिले त्यांना ते हास्यास्पद वाटतात, ते यामुळे. 'बंद दरवाज़ा' (१९९०) शोधून बघा. नावातच दार आहे, आणि नेवलाला पुरेसा वेळ दिलाय.

चिंगूताई
बिजागरीताई, एक राहिलं. ती कुरकुर खऱ्या दाराची असायची का? नवरात्रात सोसायटीच्या मुलांचं भुताचं नाटुकलं आहे, आमची सगळी दारं मेली गुळगुळीत.

बिजागरी
खऱ्या दाराची क्वचितच चांगली निघते. एक तर मनासारखी लांबवता येत नाही.

लाकडी खुंटी घ्या, करंगळीएवढी जाड. लाकडाच्या ठोकळ्याला तिच्यापेक्षा केसभरच मोठं भोक पाडा. खुंटीला राळेची पूड चोळा आणि भोकात घट्ट बसवून सावकाश पिळा. हळू पिळलं की सुटे टक-टक आवाज येतात, वेग वाढवला की ते जोडले जाऊन कुरकुर होते. म्हणजे 'दार उघडतंय की नाही' हा संशय मनगटाने लांबवता येतो. आवाज लहान येतो, म्हणून ठोकळा रिकाम्या पेटीवर दाबून धरा, पत्र्याच्या नको, लाकडी. राळ व्हायोलिन किंवा सारंगीचं सामान विकतात तिथे मिळते. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि खुंटी अडकते, तेव्हा खुंटी आदल्या रात्री तांदळाच्या डब्यात ठेवा.

चिंगूताई
तांदळाचा डबा ठीक. तो उघडताना कुरकुरला म्हणजे मिळवली.